आम्ही उतरलोच नाही



मुंबईच्या मस्जिद स्टेशनाचं नाव आपल्या शार हारहमीमवरून पडलं असं सांगतात. ती गोष्ट नातवाला सांगत होते, तर तो म्हणाला, "आजी, मग न्यूयॉर्कची पहिली सबवे कुठून सुटली?" आमच्या आयसेलिनच्या स्टेशनाचं नाव मेट्रोपार्क, पण गाडी धावते जमिनीवरून! म्हणून रविवारी गुडघ्याला पट्टा बांधला आणि निघालो.

पेन स्टेशनला उतरून पुढे सबवे बदलत सहा नंबरची गाडी धरली. ती ब्रुकलिन ब्रिज–सिटी हॉलला संपते. सगळे उतरतात. आपण उतरायचं नाही, उजव्या खिडकीशी बसून राहायचं. मी घाबरून गार्डला विचारलं, त्याने नुसती मान हलवली. परत फिरायला गाडी मोठं वळण घेते, त्या वळणावरच जुनं सिटी हॉल स्टेशन आहे.

मुलांनो, २७ ऑक्टोबर १९०४ रोजी पहिली सबवे इथूनच निघाली. तिकीट पाच सेंट. मेयर मॅकलेलन यांनी फक्त गाडी सुरू करून द्यायची होती, पण ते जे चालवायला लागले ते १०३ व्या रस्त्यापर्यंत सोडेचनात!

एवढं देखणं स्टेशन, पण ३१ डिसेंबर १९४५ ला बंद झालं. जुन्या डब्यांना दारं टोकांना असत. पुढे मधेही दार आलं, गाड्या लांब झाल्या. फलाट तर धनुष्यासारखा वाकडा. सरळ डबा तिथे उभा राहिला की मधल्या दाराशी ही मोठी फट! शिवाय ब्रुकलिन ब्रिज स्टेशन हाकेच्या अंतरावर, लोक तिकडेच जायचे. आता आत पाय ठेवायचा तर ट्रान्झिट म्युझियमचं सभासद होऊन त्यांच्या फेरीचं तिकीट काढावं लागतं.

माझ्या एका डोळ्याचा मोतीबिंदू अजून काढायचाय. पहिल्या फेरीत मला नुसता काळोख दिसला. नातू मात्र "कमान! झुंबर!" ओरडत होता. जन्मभर दुसऱ्यांच्या डोळ्यांत थेंब घातले, आणि स्वतःच्या वेळी ही चालढकल. वाईट वाटलं. तो म्हणाला, "आजी, परत जाऊ."

पलीकडच्या फलाटावर जाऊन पुन्हा बसलो. या खेपेला त्याने दोन्ही तळवे काचेला लावून डब्यातला उजेड अडवला आणि माझं डोकं मधे धरलं. "आता बघ." टाईल्सच्या कमानी, त्यांच्या हिरव्या कडा, पितळी झुंबरांचा पिवळा उजेड, भिंतीवर सिटी हॉल अशी अक्षरं. सगळं दिसलं, हळूहळू मागे जाताना.

सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे फोन लावला.