पोकळ जागेचा हिशेब

वाढ म्हणजे निव्वळ गुणाकार, असें आपण उगीच समजतों. परवां एक विद्यार्थिनी सी भाषेंतला आपला प्रोग्राम घेऊन आली. २४ बिटांचें बिटमॅप चित्र दुप्पट होई. पण तिरपें, रंग विस्कटलेलें. "सर, विषयच सोडतें," ती म्हणाली. आम्हीं कागदावर आंकडे मांडले. एका ठिपक्यास ३ बाइट. ३ ठिपक्यांच्या ओळीस ९, आणि ओळीची लांबी ४ च्या पटींत यावी म्हणून पुढें ३ बाइटांची पोकळ भर. दुप्पट ओळीचे बाइट १८. तिला भर २ चीच लागते. तिनें जुनीच ठेवली होती! भर नव्यानें मोजतांच चित्र सरळ झालें, आणि विषय सोडण्याची भाषाही थांबली. घरांतलीं मुलें वाढतात तेव्हां त्यांच्याभोंवतीं ठेवायची मोकळी जागाही अशीच नव्यानें मोजावी लागते. जुन्या मापानें सारेंच तिरपें दिसूं लागतें.