पियानोच्या बाकाचं पॉलिश

आमच्याकडचा पियानो शेजारच्या पारशी आजींचा. त्या आपल्या मुलीकडे राहायला गेल्या, तेव्हा तो बाकासकट आमच्या दादरच्या घरी आला. पियानोसाठी ट्यूनर येतो, बाकाकडे मात्र कोणी बघत नाही. खरं तर जास्त झिजतं तेच. घामेजलेले हात कडेला टेकतात, जीन्सची बटणं घासतात, आणि कोणीतरी चहाचा कप ठेवतंच.

बाक सागवानी. एका सुताराने सगळं घासून वर पीयू (पॉलीयुरेथेन) मारायला सांगितलं होतं. मन धजेना, म्हणून एका वयस्कर पॉलिशवाल्या चाचांना बोलावलं. त्यांनी बाक उलटं केलं, पायाच्या आतल्या बाजूला स्पिरिटचा बोळा जरा वेळ दाबून धरला आणि तिथे बोट लावलं. बोट चिकटलं. "चपडा आहे. घासायचं नाही," म्हणाले.

चपडा म्हणजे पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरच्या लाखेच्या किड्यांनी स्रवलेली राळ. ती स्पिरिटमध्ये विरघळते आणि स्पिरिट उडून गेलं की पुन्हा कडक होते. त्यामुळे नवा हात जुन्या थरात मुरतो, दोन्ही एकजीव होतात. पीयूचा नवा थर जुन्यावर नुसता बसतो. म्हणून मला चपडाच थोर वाटतो: तो कितीही वेळा दुरुस्त होतो आणि लाकूड घासून झिजवावं लागत नाही.

त्याला पाणी आणि उष्णता सोसत नाही, हेही खरं. आमच्या बाकावर कपाचं पांढरं कडं उमटलं होतं. चाचांनी पावसाळ्यात कामाला हात लावला नाही. हवेतला ओलावा थरात अडकला की पॉलिश पांढरं पडतं. ऑक्टोबरची उन्हं पडली तेव्हा आले. चपडा ताजा भिजवला, कारण फार दिवस भिजलेलं पॉलिश नीट सुकत नाही. आधी स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेला बोळा कड्यावरून हलकेच फिरवला, ते विरत गेलं. मग मलमलीत कापूस गुंडाळून, तेलाचा थेंब लावून पॉलिशचे हात दिले. बोळा क्षणभरही थांबू दिला नाही. थांबला तर तो खालचंच पॉलिश उचलतो. ते बघत बसणं हा माझ्यासाठी मोठा आनंद होता.

आता रोज मऊ, कोरडं सुती फडकं लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवते. वर्षातून एकदा मधमाश्यांच्या मेणाचा पातळ हात. चमक आणणारे सिलिकॉनचे स्प्रे घरात आणत नाही, त्यांच्यावर पुढे पॉलिश धरत नाही. बसायला सुती गादी. रबरी तळाची चटई पॉलिशला चिकटून बसते.

तुमच्याकडे असं जुनं बाक असेल, तर पॉलिश पेपर हातात घेण्याआधी खालच्या बाजूला स्पिरिटचा बोळा लावून नक्की बघा.