सोमवारचा दम

सोमवार हा शाळकरी मुलांचाच शत्रु आहे अशी लहानपणीं आमची समजूत होती. त्याचें वैर मोठ्या माणसांशींहि असूं शकतें, हें आम्हांला प्रथम आमच्या मामांच्या घरीं कळलें. आम्ही तळोज्याचे, मामा लालबागेंतल्या एका चाळींत राहत आणि जवळच्याच एका कापडगिरणींत कार्डिंग खात्यांत काम करीत. मे महिन्याच्या सुटींत आईबरोबर आम्ही मुंबईस जात असूं, तेव्हां महिनाभर मुक्काम त्यांच्या एका खोलींत असे. सोमवारीं पहांटे मामा उठत, आंघोळ करीत, सदऱ्याच्या खिशांत गुळाचा खडा टाकीत आणि भोंगा होतांच निघत. गूळ खाल्ला कीं छातींतला कापूस सुटतो, असें त्या भागांत घरोघर मानीत असत. दुपारीं पाळी संपवून ते परत येत ते मात्र भिंत धरून. जिना चढतांना दोनदां थांबत, आणि खोलींत आल्यावर गुडघ्यांवर कोपरें टेकून, कोणाशींहि न बोलतां बसून राहत. छातीवर कोणीं पाटा ठेवला आहे, एवढेंच म्हणत. मंगळवारीं तो पाटा थोडा हलका होई. गुरुवार उजाडेपर्यंत मामा पूर्ववत् हंसूंबोलूं लागलेले असत आणि आम्हांला खांद्यावर बसवून भायखळ्याच्या राणीच्या बागेंत नेण्याची वचनें देत.

चाळीला याचें कारण ठाऊक होतें. चाळीला सगळ्याच गोष्टींचीं कारणें ठाऊक असतात. रविवारीं सुटी आणि सोमवारीं दुखणें, तर मधल्या रात्रीं मनुष्य काय करतो हें सांगावयास का पाहिजे? मामींनीं आधीं विनवून पाहिलें, मग अबोला धरला, आणि शेवटीं मामांना पंढरपुरास नेऊन त्यांच्या गळ्यांत तुळशीची माळ घालविली. परत आल्यावर पहिलाच सोमवार पुन्हां तसाच आला. माळ घालण्यापूर्वीं जो केवळ व्यसनाचा संशय होता, तो आतां व्रतभंगाचा झाला. आणि मामींच्या दृष्टीनें या दोहोंत जमीनअस्मानाचें अंतर होतें.

या प्रकरणांत आमचा स्वतःचाहि थोडा हात आहे, तो लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. रविवारीं मामा बाहेर पडले कीं मामी आम्हांला त्यांच्या मागावर पाठवीत. बातमीबद्दल पांच पैसे मिळत. एका रविवारीं मामा नाक्यावरच्या गुत्त्याच्या दाराशीं आपल्या खात्यांतल्या एका सोबत्याशीं बोलत उभे राहिलेले आम्हीं पाहिले. ते आंत गेले नाहींत, हेंहि पाहिलें. पण घरीं येऊन आम्हीं जें सांगितलें त्यांत पहिली गोष्ट होती, दुसरी नव्हती. पांच पैसे मिळाले.

पुढें पुष्कळ वर्षांनीं एका वैद्यकविषयक पुस्तकांत आम्हांला मामांचा सोमवार जसाच्या तसा भेटला. रोगाचें नांव बिसिनोसिस. कापूस, ताग, अंबाडी यांच्या धुरळ्यानें तो होतो. अळशी व भांग यांचे तंतू विंचरणाऱ्यांच्या खोकल्याकडे इटलींतील वैद्य रामाझिनी यानें अठराव्या शतकाच्या आरंभींच लक्ष वेधलें होतें. लँकेशायरच्या गिरण्यांत हिंडून डॉ. शिलिंग यांनीं १९५५ च्या सुमारास या रोगाच्या पायऱ्या ठरविल्या, आणि त्याहि सोमवारावरूनच. छाती फक्त सोमवारीं आंवळते ही पहिली पायरी. मंगळ-बुधवारींहि आंवळूं लागली ती पुढची. आणि अखेरीस दम कायमचाच उणा होतो. गांठींतून सुटलेल्या कापसांत बोंडाचीं सालें, पानांचा चुरा आणि त्यांवर वाढलेले सूक्ष्म जंतू असतात. त्या जंतूंचें विष धुरळ्याबरोबर फुप्फुसांत उतरतें. रोज उतरत असलें कीं शरीर तें कसेंबसें सोसावयास शिकतें. एक दिवस खंड पडला कीं तो सराव मोडतो आणि पुन्हां कामावर जातांच छाती जणूं प्रथमच विष पाहिल्यासारखी आंवळून येते. कार्डाच्या बारीक दांत्यांत अडकलेला हा कचरा साफ करणें हेंच मामांचें काम. सूत तुटूं नये म्हणून हवा दमट ठेवावयाची, यास्तव खिडक्या बहुधा बंद. घरीं येत तेव्हां त्यांच्या भिंवया पांढऱ्या झालेल्या असत, आणि आम्हां मुलांना त्याची मोठी मौज वाटे.

म्हणजे मामांना दुखणें रविवारच्या ताडीनें येत नव्हतें. येत होतें तें रविवारच्या विश्रांतीमागून. मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी मिळाली ती १८९० च्या जूनमध्यें, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीनें. तीपूर्वीं धुरळा नव्हता असें नाहीं. उलट त्या न संपणाऱ्या आठवड्यांत छाती केव्हां झिजली हें कोणास समजतहि नसेल. सुटीनें त्या रोगाला वार दिला, म्हणून तो ओळखतां आला. दुर्दैव एवढेंच कीं चाळीनें त्या वाराचा अर्थ निराळा लावला.

चाळीचें सोडा. मामा दोनदां दवाखान्यांतहि जाऊन आले. एकदां तंबाखू सोडा म्हणून सांगण्यांत आलें, एकदां क्षकिरणांचें चित्र काढून छाती स्वच्छ आहे असा निर्वाळा मिळाला. हा रोग त्या चित्रांत आपली ठळक खूण ठेवीत नाहीं. तो पकडावयाचा तर सोमवारीं पाळी सुरू होण्यापूर्वीं आणि संपल्यावर माणसाला यंत्रांत फुंकावयास लावून श्वास मोजला पाहिजे. दवाखान्यांत जावयाचें तर खाडा करून जावें लागे, आणि खाडा केला कीं मोजण्यासारखी पाळीच उरत नसे! परळच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. एस. आर. कामत व त्यांचे सहकारी यांनीं गिरणीकामगारांचा पांच वर्षें मागोवा घेऊन १९८१ सालीं आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें तेथील गिरणीमालकांचें म्हणणें फेटाळून, सूतखात्यांतल्या घनमीटरभर हवेंत ०.२ मिलिग्रॅमहून अधिक धुरळा नसावा हा १९७८ चा नियम कायम केला. आमच्याकडे पुढच्याच जानेवारींत संप सुरू झाला, आणि मग धुरळ्याचा विचार करण्यास गिरण्याच फारशा उरल्या नाहींत. नुकसानभरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टांत या रोगाचें नांव होतें. मामांना तें कोणीं सांगितलें नाहीं, आणि त्यांनीं विचारलें असतें तरी विचारावयाचें काय, हें त्यांना कुठें ठाऊक होतें?

संपानंतर मामांना गिरणीनें परत घेतलें नाहीं. ते मामींसह तळोज्यास आमच्याकडे आले आणि येथल्या औद्योगिक वसाहतींत एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी झाले. येथें कापूस नव्हता. सोमवार इतर वारांसारखा झाला. पण गेलेला दम परत आला नाहीं. स्टेशनापासून घरापर्यंतच्या वाटेवर त्यांचीं विसाव्याचीं ठिकाणें ठरलेलीं होतीं: एक पिंपळ, एक दुकानाची पायरी, एक बंद पडलेली विहीर. मामी १९९६ सालीं गेल्या. एकादशीचा प्रसाद त्यांनीं मामांच्या हातून शेवटपर्यंत घेतला नाहीं. आमच्या आईच्या हातून घेत.

तें पुस्तक आमच्या हातीं आलें तेव्हां मामींना जाऊन बरींच वर्षें झालीं होतीं. आम्हीं तो भाग मराठींत सांगत सांगत मामांना वाचून दाखविला. मामा माळेच्या मण्यांवरून बोट फिरवीत ऐकत होते. वाचून झाल्यावर आम्हीं धीर करून त्या पांच पैशांची गोष्टहि सांगितली.

"ठाऊक होतं मला," मामा म्हणाले. मध्यें थांबून त्यांनीं श्वास घेतला. "तूं मागून यायचास म्हणून तर मी सावकाश चालायचों. लालबागेंत पोर चुकलं तर लवकर सांपडतं का?"

मग त्यांनीं तो सोमवारचा भाग पुन्हां एकदां वाचावयास सांगितला, आणि आईलाहि आंतून बोलावून घेतलें.