आबांचे कॅरिअर

विलायतेला जाऊन आलेल्या मराठीच्या प्राध्यापकाकडून लोकांच्या काही ठरावीक अपेक्षा असतात. त्याने शेक्सपिअरचे घर पाहिलेले असावे, टेम्सच्या काठी उभे राहून त्याला मुळा-मुठेची आठवण झालेली असावी आणि परतल्यावर त्याने स्टाफरूममध्ये चॉकलेटे वाटावीत. यांतली चॉकलेटे मी वाटली. बाकी विषयांत मी साफ नापास. कारण गेल्या उन्हाळ्याच्या सुटीतले तिकडचे बरेचसे दिवस मी एका म्हाताऱ्या इंग्रज गृहस्थाच्या गोठ्यात तेलाने हात काळे करण्यात घालवले.

माझी धाकटी बहीण इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेट परगण्यात राहते. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनावरून गाडीत बसले, की सुमारे अडीच तासांनी ‘वूल’ नावाचे एक लहानसे स्टेशन येते. टॉमस हार्डीच्या कादंबऱ्यांचा हा मुलूख. हिरवी कुरणे, संथ नदी, गवताने शाकारलेली घरे. साहित्याच्या माणसाने येथे डोळे मिटून सुस्कारा टाकावा, अशीच सारी योजना. पण भाच्यांना हार्डीशी काय कर्तव्य? त्यांनी मला ओढत नेले ते जवळच्या बॉव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयात.

पहिल्या महायुद्धानंतर मोडीत काढायचे रणगाडे येथे कुंपणात पडले होते. १९२३ साली रडयार्ड किपलिंग येथे आला आणि यांचे संग्रहालय करा, असे त्याने सुचवले. आज तेथे सुमारे तीनशे वाहने आहेत. १९४३ साली ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागलेला जर्मन ‘टायगर’ तर दुरुस्त होऊन अजून चालतो. त्याच्यापुढे मुलांची ही गर्दी! मी मात्र एका कोपऱ्यातल्या बुटक्या गाडीपाशी थबकलो. वर छप्पर नाही, तोफ नाही. लोखंडी पेटीला दोन बाजूंनी साखळीचे पट्टे जोडावेत, तसे ते ध्यान. खालच्या पाटीवर लिहिले होते, ‘युनिव्हर्सल कॅरिअर’.

तो शब्द वाचला आणि वाचकहो, माझा चेहरा खरोखर उतरला.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, सातारा जिल्ह्यातले. १९४४ साली मराठा पलटणीबरोबर ते इटलीत होते. युद्धाविषयी ते कधी बोलत नसत. मी सहावीत असताना एकदाच, गणपतीत सारे घर जमले असताना, ते सहज म्हणाले, “तिकडं मी कॅरिअर चालवायचो.” आम्हाला कॅरिअर ठाऊक होते ते सायकलच्या मागचे. मी तत्परतेने म्हणालो, “आबा, कॅरिअर चालवत नाहीत, कॅरिअरवर बसतात!” सारे घर खो खो हसले. वडील हसले, काका हसले. आबाही हसले. त्यानंतर त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. मी कॉलेजात असताना ते गेले.

घरी परतताना मी बहिणीला हे सांगितले. ती म्हणाली, “दादा, आमच्या शेजारचे आजोबा असलीच एक गाडी दुरुस्त करताहेत. अकरा वर्षे झाली.”

हे गृहस्थ निवृत्त वायरमन. एका शेतकऱ्याच्या बांधाला काटेरी झुडपांत त्यांना ही गाडी सापडली. युद्ध संपल्यावर अशा गाड्या स्वस्तात विकल्या गेल्या आणि शेतकऱ्यांनी त्यांना ओंडके ओढायला जुंपले. पुढे ट्रॅक्टर आले आणि या गाड्या गंजत पडल्या. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आदी देश मिळून या जातीच्या एक लाखाहून अधिक गाड्या निघाल्या. तरी आज अशी एक धडपणे चालती करायची, तर माणसाची उमेद संपते, पण सुट्या भागांची यादी संपत नाही. त्यांची पत्नी गोठ्याकडे बोट दाखवून जे म्हणाली, त्याला मराठीत एकच शब्द आहे : सवत.

आत शिरलो तो ओळखीचा वास! गुऱ्हाळाची आठवण व्हावी असा. पाहतो तो पिंपात मळी कालवलेले पाणी आणि त्यात गंजलेले लोखंड भिजत घातलेले. गुरांच्या खाद्याची मळी तिकडेही मिळते. पाण्यात ती मिसळून गंजके भाग आठवडेच्या आठवडे बुडवून ठेवले, की गंज सुटतो आणि खालचे लोखंड शाबूत राहते. साखर कारखान्यांच्या मुलखातून आलेला मी, हे शिकायला इंग्लंडला गेलो!

मग त्यांनी सगळी गाडी समजावून दिली. लांबी बारा फूट, वजन पावणेचार टनांच्या आसपास, चिलखत एक सेंटिमीटरपेक्षा जाड नाही. इंजिन फोर्डचे, आठ सिलिंडरांचे, पंचाऐंशी अश्वशक्तीचे. तेच मोटारींना आणि ट्रकांनाही बसवत, म्हणून त्याचे भाग अजून मिळतात. सर्वांत नवल वाटले ते वळण्याचे. रणगाड्याला सहसा दांडे असतात. याला चक्क मोटारीसारखे चाक. ते थोडे फिरवले, की खालची चाके बाजूला सरकून साखळीच धनुष्यासारखी वाकते आणि गाडी अलगद वळते. जास्त फिरवले, की एका बाजूच्या साखळीला ब्रेक लागतो आणि गाडी गर्रकन फिरते.

मी रोज जाऊ लागलो. साखळीच्या कड्यांतल्या खिळी ठोकून काढायच्या, झिजलेल्या वेगळ्या करायच्या, नव्या बसवायच्या, हे माझे काम. व्याकरण शिकवणाऱ्या हातांना फोड आले. एकदा त्यांनी विचारले, “तुमच्याकडचे कोणी या गाडीत होते का?” आबांविषयी सांगायला जीभ रेटेना. मी प्रेमिंद्रसिंग भगत यांची हकिकत सांगितली. १९४१ च्या जानेवारीअखेर आपल्या खडकीच्या बाँबे सॅपर्सचा हा तरुण अधिकारी अ‍ॅबिसिनियात सैन्याच्या पुढे अशाच कॅरिअरमधून सुरुंग शोधत निघाला. चार दिवसांत पंचावन्न मैलांच्या वाटेवरची पंधरा सुरुंगक्षेत्रे त्याने मोकळी करवली. दोनदा त्याची कॅरिअर सुरुंगाने उडाली, सोबतचे लोक पडले; तरी तो थांबला नाही. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हाताऱ्याने ऐकून घेतले, पान्ह्याला लागलेले तेल पुसले आणि विचारले, “आणि तुमच्या घरचे कोण?”

तेव्हा सांगितले. हसण्यासकट सारे सांगितले. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र साखळी चढवून गाडी शेतात काढली आणि मला चालकाशेजारी, डाव्या हाताला बसवले. इंजिन चालकाच्या पाठीमागेच, गाडीच्या मधोमध. ते सुरू झाले आणि दात वाजू लागले, फासळ्या वाजू लागल्या. मी ओरडून काही विचारले. शेजारच्या माणसाला ते ऐकू गेले नाही. आबांना उजव्या कानाने ऐकू येत नसे. ‘म्हातारपण’ म्हणून आम्ही त्यांच्या कानाशी ओरडत असू. कारण हेच होते की दुसरे काही, हे आता कोण सांगणार? पण विचारायला हवे होते, एवढे त्या वीस मिनिटांत मला कळले.

निघताना त्यांनी एक झिजलेली खीळ माझ्या हाती दिली. ती बॅगेतून घरी आणली आणि वडिलांना सारी हकिकत सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “गावात पहिला ट्रॅक्टर आला, तेव्हा आबा उठले आणि सरळ चालवायलाच लागले. आम्ही समजलो, नुसतं बघून शिकले.”

यंदा खंडेनवमीला घरातली हत्यारे पुजायला काढली. स्क्रूड्रायव्हर, कात्री, हिची विळी, माझे पेन. वडील आत गेले, ती खीळ घेऊन आले आणि सर्वांच्या आधी त्यांनी तिला हळदकुंकू वाहिले. मुलाने विचारले, “हे कशाचं आहे?”

“तुझ्या पणजोबांच्या कॅरिअरचं,” वडील म्हणाले. ती त्या गाडीची नव्हे, हे ठाऊक असूनही मी चूक दुरुस्त केली नाही.

“सायकलचं?” मुलाने विचारले.

या खेपेला कोणी हसले नाही. वडिलांनी त्याला जवळ बसवून घेतले.