पळालं नाही ते हरीण

आमच्या मागच्या अंगणात हरणं येतात यात नवल काही नाही. विस्कॉन्सिनमध्ये ट्युलिप लावायचे ते हरणांसाठीच! पण गेल्या महिन्यात एक आलं ते भर दुपारी, एकटं. मी दार उघडलं तरी हललं नाही.

साताऱ्याहून आलेली आई म्हणाली, "अगं, किती माणसाळलंय बघ!" आणि सफरचंद चिरायला घेतलं.

मी मात्र बघत राहिले. बरगड्या मोजता येतील इतकं वाळलेलं. कान पडलेले, पाय फाकवून उभं, तोंडातून लाळ. माणसाळलेलं कसलं, भ्यायचं भानच उरलं नव्हतं त्याला.

इथे या रोगाला क्रॉनिक वेस्टिंग डिसीज म्हणतात. १९६७ साली कोलोरॅडोत पहिल्यांदा दिसला, २००२ मध्ये आमच्या राज्यात सापडला. मॅड काउचा भाऊबंद. मेंदूतलं एक प्रथिन वेडंवाकडं दुमडतं आणि शेजारच्यांनाही तसंच दुमडायला लावतं. औषध नाही, लस नाही. माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरी अशा हरणाचं मांस खाऊ नका म्हणतात. लाळेतून, लेंड्यांतून पसरतो, मातीत वर्षानुवर्षं टिकतो. म्हणूनच आमच्या काउंटीत हरणांना खायला घालायला बंदी आहे. मला ठाऊक होतं हे. तरी आई आल्यापासून रोज कुंपणापाशी फोडी पडत होत्या, आणि चार-पाच हरणं एकाच जागी तोंड घालत होती. मी गप्प होते. तिचा तेवढाच विरंगुळा...

फोन करायला मला अर्धा तास लागला. केल्यावर काय होणार ते माहीत होतं ना! वन्यजीव खात्यातल्या बाईंनी शांतपणे विचारलं: नेमकं कुठे, कधीपासून, चालतं कसं, जखम दिसते का. गाडीच्या धडकेने किंवा दुसऱ्या आजारानेही हरीण असं दिसू शकतं. खात्री तपासणीनेच होते, आणि रानातल्या हरणाची ती मेल्यावरच करतात. जवळ जाऊ नका, हात लावू नका, म्हणाल्या.

संध्याकाळी माणूस आला. एकच आवाज झाला.

जेवताना आई म्हणाली, "खाऊ घालून धरून दिलंस गं त्याला." मला उत्तर सुचलं नाही.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. रोग होता.

बाकीची अजून येतात. चांगली गुबगुबीत. पण लागण झाल्यावर दीड-दोन वर्षं वरून काही कळत नाही. आता आम्ही कुंपणापाशी काही टाकत नाही. आई खिडकीतून बघते. दाराच्या आवाजाने एखादं उधळलं की म्हणते, "पळालं बाई. बरं झालं."