चमचा निवडताना

मुलांनो, चमचा ही घरातली लहानशी वस्तू. पण तो रोज तोंडात जातो, म्हणून पारखून घ्यावा.

माझ्या दादींचे हात म्हातारपणी थरथरत. पातळ दांड्याचा चमचा त्यांच्या बोटांतून निसटे. दस्तरखानावर डाळ सांडली की त्या संकोचून जेवण अर्धेच सोडत. मग अब्बांनी जाड दांड्याचा, खोलगट चमचा आणला. दादी पुन्हा आमच्याबरोबर पोटभर जेवू लागल्या.

तुम्ही बाजारात गेलात, तर चमचा आधी हातात धरून पाहा. कडेवरून बोट हळूच फिरवा. कड टोचता कामा नये. दांडा सहज वाकत असेल, तर तो चमचा घेऊ नका. मागे १८/८ असा आकडा असेल, तर त्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. क्रोमियममुळे स्टीलवर अतिशय पातळ थर तयार होतो व ते सहसा गंजत नाही. नक्षीच्या खाचांत मळ साचतो. साधा चमचा लवकर स्वच्छ होतो.

पैसे देण्यापूर्वी घरातील सर्वांत लहान व सर्वांत वृद्ध माणसाचे हात आठवा. त्यांना जमेल तो चमचा सर्वांनाच जमतो.