फरदडीचा निर्णय

सेलू तालुक्यातल्या आमच्या गावात पेरणीआधी, जूनमध्ये शेतकऱ्यांची बैठक होते. २०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भातला कापूस नासवला, तेव्हापासून तिथं फरदडीचा विषय निघतोच. डिसेंबर सरला की पऱ्हाटी उपटायची, पाणी देऊन पुढं चालवायची नाही, म्हणजे फरदड घ्यायची नाही, यावर कुणाचंच दुमत नसतं. अळी सरकीत, किडक्या बोंडांत सुप्त राहते; पाच-सहा महिने वावरात कापूस नसला तर तिची साखळी तुटते. हे आमच्याकडं आता शाळकरी पोरंही सांगतील.

मग जानेवारी येतो. बोर धरणाच्या कालव्याचं पाणी मिळालेल्या पऱ्हाटीला पुन्हा पात्या-फुलं धरतात. बैठकीत सगळ्यात ठासून बोललेले शेजारचे काकाजी मला म्हणाले, "अजून दोन वेचे निंगते भाऊ. पुढच्या सालचं पुढं पाहू, हातचं कशाले सोडाचं?"

त्यांना दोष द्यायला माझं मन धजत नाही. जूनमधलं त्यांचं बोलणं मनापासूनचंच होतं. तेव्हा डिसेंबर लांब होता, म्हणून पीक आणि सगळं गाव डोळ्यांपुढं होतं. जानेवारीत दारात बँकेचा हप्ता, मुलीची फी, आणि झाडावर बोंडं. पुढच्या खरिपातला तोटा तेव्हा कुणाला दिसणार?

आमच्या वडिलांनी यावर स्वतःपुरता मार्ग काढला. दिवाळीआधीच ते मेंढ्या बसवायला धनगराला वावर बोलून ठेवतात आणि उन्हाळी भुईमुगाचं बियाणं घरात आणून टाकतात. डिसेंबरात शेवटचा वेचा झाला की मेंढ्या येतात. पानं, उरलीसुरली हिरवी बोंडं खाऊन टाकतात, लेंडीखत पडतं ते वेगळंच. दिलेला शब्द मोडायचा नाही, एवढंच मग उरतं. मोहाच्या दिवसात ठरवायला काही शिल्लक ठेवायचंच नाही, ही त्यांची रीत मला कुठल्याही प्रबोधनापेक्षा मोलाची वाटते.

पण पतंग धुरा ओलांडून येतो. एकट्याचं वावर स्वच्छ ठेवून भागत नाही. धुऱ्यावर जळणासाठी रचलेल्या पऱ्हाट्यांतही अळी तग धरते.

म्हणून कापूस पिकवणाऱ्या गावांना माझी विनंती आहे : जूनच्या बैठकीत नुसत्या ठरावावर उठू नका. मेंढ्या कुणाच्या वावरात कधी बसणार, पऱ्हाट्यांचा भुगा करायचं यंत्र कुणाकडून येणार, कोणत्या दिवशी, हे त्याच बैठकीत नावानिशी लिहून घ्या.